ग्रहणात चिरलेली मिरची

हिरव्या मिरचीचा ओला, तिखट गंध नाकात शिरला की मला एक ग्रहण आठवतं. आमच्या घराला कधी लागलंच नव्हतं ते.

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचे ढीग पडले की वाऱ्याला असा ठसका चढतो, की भोकरदनच्या स्टँडवर बंद पडलेली एसटी शिंकून आपोआप चालू होते, असं मी सांगतो आणि लोक हसतात. माझ्या जिभेचं कसब तेवढंच. नात जुई तीन वर्षांची झाली तरी बोलेना, हाकेला मान वळवीना. बिस्किटाच्या पुड्याची सळसळ मात्र पलीकडच्या खोलीतून तिला बराबर ऐकू यायची. चहाच्या टपरीवर लोक कारण विचारू लागले, तेव्हा मी एक झकास कारण पुरवलं. सून सुनंदा पोटुशी असताना ग्रहणात मिरची चिरत बसली, आणि विळीच्या पहिल्या घावासरशी आभाळ असं काळवंडलं, की गावभरच्या कोंबड्या भरदुपारी खुराड्यात शिरल्या. ऐकणारे खूश झाले. पुढं ती गोष्ट बायकांनी पाणवठ्यावर, लग्नाच्या पंगतीत, सुनंदेलाच पुन्हा पुन्हा ऐकवली.

परवा जालन्याला डॉक्टरीणबाई जुईसोबत फरशीवर बसून बराच वेळ खेळल्या, बोट दाखवून तिची नजर कुठं जाते ते पाहिलं, तिच्या लहानपणाबद्दल खोदून खोदून विचारलं. मंग सावकाश म्हणाल्या, हा ऑटिझम आहे. रक्त तपासून तो कळत नाही, असं निरखूनच कळतो. मेंदूची घडणच वेगळी, बरीचशी आनुवंशिक. सगळी कारणं अजून उमगलेली नाहीत, पण आईच्या चुकीनं हे होत नाही.

सुनंदा मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, मी ग्रहणात मिरची चिरल्ती."

बाहेर कडुलिंबाच्या विरळ, निस्तेज सावलीत मी जन्मात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता बोललो. "सुनंदा, ती थाप होती. माझीच. तुझ्या पोटात जुई होती तव्हा ग्रहण दिसलंच न्हाई."

तिनं आपले दोन्ही तळहात उघडून पाहिले.

"न्हाई मामा, मला आठवतं. हाताची आग बी आठवती."

जुई पानांच्या हलत्या सावल्या बोटानं चाचपत होती. माझ्या हजार थापांतली ही एकच कुणीतरी पुरती खरी मानली होती. आणि साधं खरं पटेल असं कसं सांगतात, याचा मला सरावच नव्हता.