फळ्यावर न पुसलेलं नाव

‘बघा, संडास असा घासायचा असतो,’ काका म्हणाले, आणि प्रार्थनेला बसलेल्या वीस-पंचवीस लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

काका म्हणजे वर्ध्यातल्या त्या स्वस्त निवासाचे व्यवस्थापक. टाळ्या थांबल्यावर ते पुढे म्हणाले, ‘हाताला सवय असली की काम कसं चकचकीत होतं!’

मी उठून हात जोडले. धन्यवाद म्हणाले. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या सकाळचा सगळ्यात मोठा अपमान मला तोच वाटतो.

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे चार पेपर होते, ओळीनं चार दिवस. आमचं गाव आर्वीच्या पलीकडे. सकाळच्या एसटीच्या भरवशावर पेपर देता येत नाहीत. माय म्हणाली, ‘तिथंच राह्य. रोज धावू नको, एसटी उशिरा आली तं पेपर जाईन.’ निवास स्वस्त होता, कारण तिथं श्रमसेवा होती. उतरणाऱ्या प्रत्येकानं सकाळी तासभर काम करायचं. पडदे खादीचे. दारात काचेच्या पेटीत चरखा, पेटीवर पाटी: हात लावू नये. भोजनगृहात दुसरी पाटी: सर्व कामे समान. मला ती दुसरी पाटी आवडली होती. पुस्तकं वाचणाऱ्या माणसात हा दोष असतो. भिंतीवर लिहिलेलंही तो खरं मानतो.

ओळखपत्र काकांनी जमा करून घेतलं. त्यावरचं आडनाव दोनदा वाचलं. रोज सकाळी काम झालं की ते परत मिळायचं, संध्याकाळी पुन्हा जमा. त्याच्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत.

पहिल्या दिवशी फळ्यावर माझ्या नावासमोर ‘संडास’ लिहिलं होतं. घासले. कोणीतरी घासायचेच असतात. माझ्या खोलीत आर्वीच्या एका कापड दुकानदाराची बायको होती, मुलीला परीक्षेला घेऊन आलेली. तिला भाजी निवडायची होती. ‘तुह्यं बरं हाये बाई, लवकर आटपते,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा संडास. मग त्या टाळ्या.

तिसऱ्या सकाळी मी फळा नीट पाहिला. बाकीची नावं रोज जागा बदलत होती. ताज्या खडूची, पांढरीशुभ्र. माझं नाव जुनं, फिकट, कोणाचं तरी मनगट घासून अर्धं गेलेलं. ते पुसलंच नव्हतं. पुसायची गरजच पडली नव्हती.

माझ्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला आणि गावकीची कामं सोडली. पुढं कित्येक महिने गावात त्याला कोणी मजुरी दिली नाही. त्यानं उपाशी राहून जे सोडलं, ते मी दोन दिवसांत पुन्हा उचललं होतं. वर धन्यवाद म्हणून.

झाडू भिंतीला टेकवला. साबणानं हात धुतले. स्वयंपाकघरात जाऊन परातीसमोर बसले आणि कणीक मळायला लागले.

सैपाकीणबाई घाबरली. ‘काऊन आली वं माय इकडे? काका पाह्यतीन ना!’

काका आलेच. आवाज न चढवता म्हणाले, ‘तुमचं काम तिकडे आहे.’

‘दोन दिवस केलं. आज मी कणीक मळतो.’

‘ज्याला जे जमतं ते आम्ही देतो.’

‘मले कणीक जमते.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सैपाकीणबाईला सांगितलं, ‘ही परात गाईला घाला. दुसरी भिजवा.’

माझे हात कणकेतच होते. ‘गाईले चालते माह्या हातचं,’ मी म्हणाले, ‘अन् तुमाले नाई?’

भाजी निवडणारे हात थांबले. खोलीतल्या बाईनं मान खाली घातली आणि मेथीची एकच काडी कितीतरी वेळ निवडली.

‘गैरसमज करून घेऊ नका,’ काका म्हणाले. ‘इथे कोणी जात मानत नाही.’

‘जातीचं नाव म्या कुठं घेतलं, काका?’

मग त्यांची समानता संपली. ‘तुमची सोय दुसरीकडे बघा.’

‘पाह्यतो. माह्यं ओळखपत्र द्या.’

त्यांनी ते हातात दिलं नाही, टेबलावर टाकलं. कणकेच्या बोटांनीच मी ते उचललं. परीक्षेच्या दारात पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, ‘हे काय लागलंय?’ मी सांगितलं, ‘कणीक.’

त्या संध्याकाळी गावी परतले. शेवटच्या दिवशी माय म्हणाली होती तसंच झालं. एसटी उशिरा आली आणि पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाल्यावर मी पोचले. एक प्रश्न लिहायचा राहिला. पास झाले, पण ते सांगायला हे लिहीत नाही.

त्या फळ्यावर मी तीन दिवस सगळी नावं वाचली. काकांचं नाव एकदाही नव्हतं.

पुढच्या महिन्यात वर्ध्याला माझी मुलाखत आहे. त्याच निवासात उतरणार आहे. काका नाही म्हणाले, तर का ते लेखी मागणार आहे. खोली दिली, तर अर्जावर आडनाव ठळक लिहीन. संडास घासायला मी तयार आहे, माझी पाळी आली की. पण आधी काकांचं नाव लिहिलं जाईल, आणि माझं रोज पुसलं जाईल.

खडू मी घरूनच नेणार आहे.