बाहीवालीची माळ

तुमच्या अंगावरच्या शर्टाची बाही कुणी लावली, सांगता येईल तुम्हाला? नाही येणार. कॉलरच्या आत कंपनीचं नाव असतं, कपडा कसा धुवायचा तेही असतं, बाही लावणाऱ्या बाईचं काहीच नसतं. तेव्हा निदान आता बसल्या जागी ऐकून घ्या. मी जिच्याबद्दल सांगते आहे, तिने आयुष्यभर बाह्याच लावल्या. त्यातली एखादी तुमच्या खांद्यावर असायला काहीच हरकत नाही.

आमच्या कपड्यांच्या कारखान्यात माणसांना नावं पडायची ती कामावरून. कॉलरवाली, खिसेवाला, काजवाली. ही बाहीवाली. डावीकडून खांदे जोडलेल्या शर्टांचा गठ्ठा यायचा, ती बाह्या लावायची, उजवीकडे ढकलायची. शर्ट बिनहाताचा यायचा आणि हात फुटून जायचा, एवढीच दोघांची ओळख. बटणं लावलेला, इस्त्री झालेला शर्ट तिने पाहिला तो दुकानाच्या काचेतून, तुमच्याआमच्यासारखाच. पण बाही लावावी तर तिनेच. खांद्याच्या गोलाईवर एक चुणी पडायची नाही. सुपरवायझर सगळ्या रांगेवर खेकसत यायचा आणि तिच्या मशीनपाशी आला की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. बाई मान ताठ ठेवून चालायची. ठेवावीच.

गल्लीत मात्र तिची ख्याती वेगळी होती. गल्लीला वाटायचं, ही शर्ट शिवते. अख्खा शर्ट. ती तसं कधी म्हणाली नव्हती, पण कुणी म्हटलं तर तिने कधी खोडलंही नाही. शेजारणी कापड घेऊन यायच्या, "एवढा ब्लाउज शिवून दे गं." ती साळसूदपणे म्हणायची, "घरी शिवायला परवानगी नाही बाई. कंपनीचा नियम आहे." असला कुठलाही नियम नव्हता. असता तर मी पहिली फाटकापुढे ओरडत उभी राहिले असते. पण तिच्या घरात एक रुमालसुद्धा तिच्या हातचा नव्हता आणि हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. सून मोठ्या अभिमानाने सांगायची, "आमच्या आईंच्या हातात कला आहे." नातीने तर शाळेत सांगून ठेवलं होतं की शहरातले सगळे शर्ट माझी आजी शिवते.

मग कारखाना बंद झाला. कसा झाला, कुणी केला, ते मी दुसरीकडे पुष्कळ ओरडून सांगितलं आहे. इथे एवढंच, की बाहीवाली घरी बसली आणि गल्लीकडे सांगायला तिच्याजवळ कंपनीचा नियम उरला नाही.

आमच्या बायकांच्या संघटनेची एक खोली आहे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. जिना अरुंद, वर एक लांब टेबल, खिडकीला पडदा नाही. खाली मागच्या अंगाला पाळणाघर. शाळा सुटली की बाहीवालीची नात तिथेच असते. पाळणाघराच्या बाईंना आतल्या दाराला काहीतरी रंगीत टांगायचं होतं. मणी लावले तर पोरं गिळतात, कागद लावला तर चघळतात. मी म्हटलं, फेल्टची माळ करू. जाड, मऊ कापड, कितीही कापा, कडेने दोरे सुटत नाहीत. गोल कापायचे, दोनदोन एकावर एक ठेवून कडेने धावदोरा घालायचा, मग सगळे एका जाड दोऱ्यात ओवायचे. ज्याने कधी सुई धरली नाही त्यालाही जमेल. शनिवारी दुपारी या, म्हणून जिन्यात पाटी लावली.

खोलीत बसलो असताना शिकवणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा सून टुणकन उठली. "हा काय प्रश्न झाला? आमच्या आई आहेत ना!"

बाहीवालीचा चेहरा पांढराफटक पडला. मी समोरच होते, मी पाहिलं. मला वाटलं, लाजली असेल. ती नाही म्हणणार, तेवढ्यात मांडीवरची नात टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, पहिली माळ मला!" झालं. बाहीवाली म्हणाली, "शिकवते की. त्यात काय एवढं."

शनिवारी खोली भरली. बऱ्याचशा पोरांच्या आया आणि एक पुरुष, निवृत्त बस कंडक्टर. घरी बसून बायकोचं डोकं खातो म्हणून तिनेच त्याला पाठवला होता. फेल्टचे गोल आम्ही आधीच कापून ठेवले होते, पिवळे, निळे, लाल. बाहीवाली टेबलाच्या टोकाला बसली. नात तिच्या कोपराला चिकटून.

सुई ओवायला तिला वेळ लागला. सगळ्यांना लागतो. मग एका आईने विचारलं, "मावशी, दोऱ्याच्या टोकाला गाठ मारायची ना?"

"गाठ कशाला?" बाहीवाली म्हणाली. "खालचा दोरा धरून ठेवतो की."

बोलण्यात इतका ठामपणा, की कुणी पुढे विचारलंच नाही. मशीनला खाली दुसरा दोरा असतो, तो वरच्याला अडकवून धरतो. इथे खाली कुठला दोरा? खाली तिची मांडी होती. पण गुरूने सांगितलं आणि सगळ्यांनी बिनगाठीचा दोरा घेतला. मग तिने शिवायला घेतलं. सुई उजव्या मुठीत उभी धरली, अगदी घट्ट, जराही हलवायची नाही, आणि डाव्या हाताने कापड त्या सुईवर ढकलायला लागली. आयुष्यभर तेच केलं होतं तिने. सुई आपल्या जागी, कापड पुढे पुढे. टेबलाखाली तिचा पाय जमीन दाबत होता. फरशीवर टाच आपटल्याचा आवाज येत होता, टप, टप, टप.

बाकीचे आपापल्या परीने शिवत होते. बरेच टाके झाले. मग कंडक्टरने आपला गोल सगळ्यांना दाखवायला मोठ्या ऐटीने दोऱ्याला धरून उचलला. दोरा अलगद त्याच्या हातात आला आणि दोन्ही गोल टेबलावर पडले. शेजारणीने आपला उचलला. तोही पडला. मग एकेकाचे पडतच गेले.

"वहिनी," कंडक्टर म्हणाला, "ही गाडी तर प्रवासी न घेताच सुटली!"

खोली हसली. वाईट हेतूने नाही, पण पोट धरून. त्या हसण्यात सगळ्यांच्या नजरा बाहीवालीच्या हाताकडे गेल्या. मुठीतली उभी सुई, त्यावर कापड रेटणारा हात. हसू हळूहळू थांबलं आणि ते थांबणं हसण्यापेक्षा वाईट होतं. मी तोंड उघडलं, "हसायला काय झालं रे कंडक्टर?" माझ्या बोलण्याने काहीच सावरलं नाही. नात टेबलाखाली रांगत पडलेले गोल गोळा करत होती. ती वर येऊन म्हणाली, "आजी, तुझा पाय का नाचतोय?"

बाहीवालीने सुई टेबलावर ठेवली. "डोळ्याला काहीतरी झालंय माझ्या," म्हणाली आणि जिना उतरून गेली. सून तिच्या मागे गेली नाही. लाल झालेला चेहरा घेऊन तिथेच बसून राहिली.

आठवडाभर बाहीवाली घराबाहेर पडली नाही. मी गेले. माझा स्वभाव तुम्हाला कळला असेल एव्हाना, उंबऱ्यातूनच सुरू झाले. "मावशी, शिवता येत नाही तर येत नाही म्हणायचं! सुपरवायझरला घाबरली नाहीस आणि फेल्टच्या चिंधीला घाबरलीस?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "काय म्हणायचं, ताई? सगळा जन्म शिवण्यात गेला आणि मला शिवता येत नाही, असं?"

"मग? तुझा काय गुन्हा त्यात?"

"गुन्हा खोटं बोलण्याचा. कंपनीचा नियम म्हणे!" ती स्वतःवरच थुंकल्यासारखी हसली. "गल्लीचं गिळेन मी. सून दोन दिवस अबोला धरेल, तेही गिळेन. पण ती पोर रोज विचारते आहे, आजी, तुझा डोळा बरा झाला का, मग माळ कधी? तिला काय सांगू? परत डोळा सांगितला तर तो आणि एक नियम झाला."

  तिने घड्या घातलेले शर्ट दुकानातले होते, ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

पुढच्या शनिवारी ती आली. कुणी आणली नाही, आपली आपण आली, आणि टोकाच्या खुर्चीकडे न जाता सगळ्यांच्या मध्ये बसली. टोकाला कंडक्टर होता. शिकवायला दुसरं कुणी नव्हतं आणि तो सगळी नोकरी आपल्या वर्दीची बटणं स्वतः लावत आला होता, एवढ्या भांडवलावर मी त्याला बसवला होता. तो उठायला लागला, "वहिनी, तुम्ही या इकडे."

"बसा तुम्ही," बाहीवाली म्हणाली. मग ती उभी राहिली. हात टेबलावर टेकलेले, नजर फेल्टच्या ढिगावर. "मला शिवता येत नाही. मी फक्त बाह्या लावायची. मशीनवर. अख्खा शर्ट मी कधी शिवला नाही. घरी शिवायचं नाही असा नियम कंपनीचा नव्हता, तो मी काढला होता."

नात तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तू खोटं बोललीस?"

"हो."

"मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय."

"माहीत आहे मला."

पोरगी खुर्चीवरून उतरली आणि टेबलाला वळसा घालून आईजवळ जाऊन बसली. कुणी तिला समजवायला गेलं नाही. मीही नाही. बाहीवालीचे कान लाल झाले होते, डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं सोडून ती सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. कंडक्टरने घसा खाकरला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही. "आधी गाठ," म्हणाला. "टोक बोटाला गुंडाळा, चोळा, खाली ओढा. हां. आता कापड स्थिर. सुईला चालू द्या. सुई हलते, कापड नाही."

तिचा हात ऐकेना. पाच-सहा टाक्यांनंतर मूठ पुन्हा घट्ट व्हायची, कापड पुन्हा पुढे सरकायचं, टाच फरशीवर पडायची. शेजारच्या आया वेगाने पुढे गेल्या. ज्यांना तिने शिकवायचं होतं, त्यांचे गोल झाले, ओवूनही झाले. तिचा एक गोल होईपर्यंत दुपार टळली. टाके कुठे लांब, कुठे आखूड, एके ठिकाणी दोरा इतका ओढलेला की गोलाला सुरकुती पडली. खांद्याच्या गोलाईवर चुणी न पडू देणारी बाई ती. ती सुरकुती ती अंगठ्याने पुन्हापुन्हा सपाट करत बसली.

तरी ती येत राहिली, शनिवारमागून शनिवार. सून बोलायला लागली. नात बोलायची, पण आजीबद्दल कुठे काही सांगणं तिने बंद केलं होतं, आणि बाहीवालीला ते न सांगणंच ऐकू येत होतं.

तिची माळ पुरी झाली तेव्हा ती माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, दाराच्या मागच्या बाजूला लावा. पुढे नको." मी तयार झाले होते, खोटं कशाला सांगू. खिळा ठोकायला पाळणाघरात गेले तर नातीने माळ माझ्या हातातून ओढून घेतली. सुरकुतलेला गोल शोधला, उलटसुलट करून पाहिला.  मग तिने ती दाराच्या पुढच्या बाजूला धरली, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्वतःचा हात पोचेल तिथे. "इथे," म्हणाली. मी तिथेच खिळे ठोकले. बाहीवाली कोपऱ्यात उभी होती. तिने मान वर केली नाही.

मोठ्या माणसाच्या छातीशी येते ती माळ. पाळणाघराच्या बाई कुरकुरतात, वर बांधा म्हणतात. बाहीवाली आता दुपारी तिथे पोरांना सांभाळायला बसते, आणि कुणी माळेकडे बघितलं की अजून दुसरीकडे बघते. तुम्ही कधी आलात तर माळ हाताने बाजूला सारू नका, ही कुणी शिवली म्हणून विचारूही नका. वाकून आत या.