दोन हंडे

दुष्काळाचं वर्ष, चैत्रातला पहिला सोमवार. रक्कम दीडशे रुपये, एका फेरीचा प्रवासखर्च. बीडच्या एका दवाखान्यातल्या छोट्या खोलीत आम्ही चौघं हजर होतो: मी, माझी बायको, साक्षीदार म्हणून आलेल्या शेजारच्या आक्का आणि संशोधन करणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाई.

बाईंनी संमतीचा कागद वाचून दाखवला. भीतीचा मोठा धक्का बसलेल्या माणसाने घडलेली गोष्ट पुन:पुन्हा सांगितली, तर त्रास कमी होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. आठवड्याला एक अशा बारा फेऱ्या. नको वाटलं तर कधीही सोडता येईल, कुणी रागावणार नाही.

आक्का म्हणाल्या, "बोलायचे पैसे देता व्हय बाई? मला आमच्या घरचे गप बसायचे देतील."

बायको हसली. पौषानंतर मी तिला प्रथमच हसताना पाहिलं.

पौषाच्या सुरुवातीला आमच्या गावच्या कोरड्या विहिरीत टँकर रिकामा होत होता. बायका काठावर गर्दी करून पोहरे सोडत होत्या. रेटारेटीत काठाचा दगड निसटला आणि ही पंचवीस फूट खाली गेली. खाली कमरेएवढं पाणी आणि गाळ होता. डावा हात मोडला. वरच्या गोंधळात टँकरचा कॉक बंद करायचं कुणाला सुचलं नाही, पाण्याचा लोट तिच्या अंगावर पडतच राहिला. हात महिन्या-दीड महिन्यात जुळला. पण टँकरचा आवाज आला की ही दाराला कडी लावून कोपऱ्यात बसे. डोक्यावरून तांब्याभर पाणी घेणंही जमेना. मी ओल्या फडक्याने तिचे केस पुसून द्यायचो. आमच्या वाटचं पाणी रोज दोन हंडे आक्का आणून टाकत. त्यांचं वय साठच्या पुढे.

फेऱ्या सुरू झाल्या. सकाळचं दूध मोजून झालं की आम्ही जीपने चौसाळ्याला आणि तिथून एसटीने बीडला जायचो. खोलीत ती डोळे मिटून गोष्ट सांगे, ती मोबाइलवर रेकॉर्ड होई आणि घरी रोज एकदा ऐकायची असे. ऐकून झालं की भीती किती वाटली, शून्य ते शंभरात, ते एका तक्त्यात लिहायचं. तिचं लिहिणं हळू, म्हणून पेन माझ्याकडे. गावच्या दूध संस्थेचा मी सचिव. आकडा लिहायला मिळाला की मला बरं वाटतं.

पहिल्या आठवड्यात नव्वद होते. मग सत्तर, पन्नास. सहाव्या आठवड्यात वीस. तक्ता पाहून बाईंचा चेहरा फुलला.

मला मात्र झोप लागेना. वीस आकडा सांगणारी बाई टँकर आला की अजून कडी लावत होती, आणि फडकं अजून माझ्याच हातात होतं. संस्थेत एखाद्याच्या दुधाची फॅट अचानक चांगली लागली, तर मी नमुना पुन्हा तपासतो. इथे काय तपासणार? बाईंना परस्पर सांगावं, असं दोनदा मनात आलं. पण गोष्ट तिची होती. शेवटी केस पुसता पुसता तिलाच विचारलं, "वीस खरं आहे का?"

ती म्हणाली, "न्हाई. लेकराएवढी पोरगी ती, किती जीव लावून ऐकती. दर बारीला नव्वदच कसं सांगू? वाढणाऱ्या बाईला तोंडावर कुणी अळणी झालं म्हणतं का?"

"मग मला तरी सांगायचं."

"तुमाला? तुमी पेन घिऊन बसता, आज किती म्हणून. आकडा उतरला की तुमचं त्वांड उजळतं. मी तेच बघून सांगत गेले."

मी पेन तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, "आजपासून तूच लिही. मी विचारणार नाही."

सातव्या फेरीला ती खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, माझे आकडे खोटे हायेत. आता मला काढून टाकता का?"

बाई म्हणाल्या, "कावून काढू?" त्या मूळच्या केजकडच्या. एरवी पुस्तकी बोलायच्या, त्या दिवशी घरचं बोलल्या. जुने आकडे त्यांनी खोडले नाहीत. शेजारी खरी हकीकत, तारीख आणि सही घातली. आमच्या रजिस्टरातही चूक अशीच दुरुस्त करतात. मग त्यांनी विचारलं, "मावशी, गोष्टीतलंही काही गाळलंय का?"

गाळलं होतं. अंगावर पडणारं पाणी ती दर वेळी वगळायची. "दोर खाली आला आणि मला वर ओढलं," एवढ्यावर उरकायची. त्या दिवशी तिने ते पाणी सांगितलं. गोष्टीच्या वेळी मी नेहमीसारखा बाहेर बाकावर होतो, तिचा हुंदका दारातून ऐकू आला. त्या रात्रीच्या तक्त्यात तिच्या वाकड्या अक्षरात पंच्याण्णव होते. ते मी दुसऱ्या दिवशी चोरून पाहिले, हे इथे कबूल करतो.

पुढचे आकडे सरळ उतरले नाहीत. ऐंशी, पंच्याऐंशी, साठ. दहाव्या आठवड्यात टँकर आला तेव्हा ती कडी न लावता उंबऱ्यावर बसली, माझं मनगट धरून. अकराव्यात तिने स्वतः तांब्या डोक्यावर ओतला आणि आतून ओरडली, "अहो, फडकं वाळत घाला."

इतरांना या उपचाराने काय झालं, ते बाईंचं काम. मला एका घरापुरतं माहीत आहे. बाराव्या आठवड्याचा आकडा तीस होता. शून्य नव्हता.

ज्येष्ठ संपत आला तरी पाऊस नव्हता. शेवटच्या फेरीचे दीडशे तिने सही करून घेतले. बारा फेऱ्यांचे अठराशे, सगळे जीप आणि एसटीत गेले. दुसऱ्या सकाळी टँकर आला, तेव्हा ती आक्कांचा हात धरून विहिरीवर गेली. काठापासून दोन हात मागे उभी राहून तिने पोहरा शेंदला. पहिले दोन हंडे भरले ते आमच्या घरी आणले नाहीत. आक्कांच्या रांजणात ओतले.

आक्का म्हणाल्या, "आगं, हे कशाचं?"

"तुमचं देणं."

सहा महिने, रोज दोन, म्हणजे तीनशे साठ हंडे. त्यांपैकी दोन त्या दिवशी आक्कांना पोचले.