येतो म्हणाले होते

हेमचंद्र कर्णिकांची बॅग सव्वीस वर्षांत कधी पूर्ण रिकामी झाली म्हणून नाही. ते नोकरीला आहेत त्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यात मसाले दळायची यंत्रं बनतात. ती विकायला, बसवायला आणि रुसली तर त्यांची समजूत काढायला हेमचंद्र गावोगाव. मांजलपूरच्या सोसायटीत तर निम्म्या बिऱ्हाडांची खात्री होती की रमाताईंचे यजमान बोटीवर असतात.

मग साहेबांचं फर्मान निघालं: प्रवास बंद, यापुढे गिऱ्हाइकांशी बोलणं पडद्यावर. हेमचंद्रांनी मागच्या खोलीत लॅपटॉप मांडला आणि घराचा कारखाना झाला. कुकर लावायला रमाला मीटिंगचं वेळापत्रक विचारावं लागे. एकदा शिट्टी झालीच, तर कोईमतूरच्या गिऱ्हाइकाने अदबीने विचारलं, "सर, आपके यहाँ शिफ्ट छूट गई क्या?"

शेजारच्या नयनाबेननी जिन्यात गाठलंच. "हवे तो तमारे जलसा, रमाबेन! भाई आखो दिवस घरे!"

"जलसा कसला? दिवसभर घरी म्हणजे तासातासाला चहा," रमा फणकारली. पण तो फणकारा वरवरचा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती रोजची भाजी दोघांच्या मापाने आणत होती. या सुखाला नयनाबेनची दृष्ट लागू नये म्हणून चहाची तक्रार पुढे केलेली.

घोटाळा झाला तो एका शब्दाने. आपण निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. हेमचंद्र पडद्यावरूनही तेच म्हणत. गुजराती गिऱ्हाईक उलट "आवजो", म्हणजे "या", म्हणे, कोणीही कुठे जात-येत नसे, सगळं बिनबोभाट. पण सांगलीचे भास्करराव हळदीच्या गिरणीचे मालक, वय एकोणऐंशी, कानाने जरा जड. सोमवारी बोलणं आटोपताना हेमचंद्र म्हणाले, "बरं, गुरुवारी अकराला येतो मग." म्हणजे पडद्यावर.

गुरुवारी अकराला पडदा उजळला तर समोर भास्कररावांची सून देवश्री, चेहरा कावराबावरा.

"काका, कुठपर्यंत आलात? बाबा सकाळपासून गेटशी खुर्ची टाकून बसलेत. भरली वांगी केलीत, तुमची आवडती. आई करायच्या तशीच." आणि तिने फोन फिरवून ताटच दाखवलं.

चहा घेऊन आलेली रमा दारातच थबकली. वांगी? आवडती? घरात वांग्याचं नाव काढलं तरी हा माणूस ताटावरून उठतो!

"येतो" म्हणजे पडद्यावर, हे हेमचंद्रांना सांगावं लागलं. "असू दे काका, मी समजावते त्यांना," असं म्हणत देवश्री बाहेर गेली, पण गडबडीत फोन चालूच राहिला. पडद्यावर गेटचा एक कोपरा दिसत होता आणि म्हाताऱ्याचा आवाज ऐकू येत होता.

"नाही येत? अगं, येतो म्हणाले होते."

हेमचंद्रांनी लॅपटॉप मिटला. रमा वांग्यांचा जाब विचारायला पुढे झाली होती, पण तोंड बघून थांबली.

"भास्कररावांच्या मंदाताई गेल्या ना मागच्या वर्षी," ते म्हणाले, "तेव्हाही मी इथूनच हात जोडले. त्यात मध्येच आवाज गेला. भास्कररावांना माझे नुसते ओठ हलताना दिसले. सव्वीस वर्षं त्या बाईच्या हातचं जेवलो, आणि भेटायला गेलो नाही."

"मग जा की आता."

"ऑफिस पाठवणार नाही."

"ऑफिसला विचारतंय कोण? रजा काढा." बोलून गेली खरी, पण लगेच तिच्या मनात आलं: बॅग एकदा निघाली की ती पुन्हा माळ्यावर चढेल याची काय खात्री? "आणि मीही येणार. मला ती वांगी बघायचीत."

"अगं, त्याचं असं झालं..."

"गाडीत सांगा."

गाडीत त्यांनी सांगितलं. पहिल्या खेपेला मंदाताईंनी इतक्या मायेने वाढलं की नाही म्हणवेना. कशीबशी गिळली आणि "छान झालीत" म्हणाले. झालं! तेव्हापासून दर खेपेला वांगी. सुरतेपासून पुण्यापर्यंत रमा हसत होती.

सांगलीत भास्करराव गेटशीच उभे होते. त्यांनी हेमचंद्रांचा हात धरला तो सोडेचनात. मंदाताईंच्या फोटोपुढे दोघं उभे राहिले. हेमचंद्रांनी हात जोडले, आणि या खेपेला आवाज जायला मध्ये पडदाच नव्हता.

मग पानं वाढली. देवश्रीने हेमचंद्रांना मोजून चार वांगी वाढली.

"सांगा, तिच्यासारखी जमलीत का," भास्करराव म्हणाले.

हेमचंद्रांनी घास घेतला. कपाळावर जी बारीक आठी उमटली ती एकट्या रमाला कळली. "तशीच," ते म्हणाले. डोळे भरून आले होते, वांग्याने की कशाने, देव जाणे. भास्करराव समाधानाने भात कालवू लागले, तेवढ्यात रमाने नवऱ्याच्या ताटातली तीन वांगी गुपचूप आपल्या ताटात ओढली.

"वहिनी, तुम्हालाही आवडतात वाटतं!" म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, दिसायचं मात्र सगळं.

"काय सांगू, आमच्या घरी वांग्यांवरून भांडणं होतात," रमा म्हणाली. "देवश्री, अजून दोन वाढ गं. त्यांना नको, मला."