स्वयंपाकघरापर्यंतची तार

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, १९८१. वेळ सकाळची. हजर: मामंजी, आत्याबाई, आमचे हे, मी, आणि वाटी परत करायला येऊन तिथंच थांबलेल्या शेजारच्या कुसुमताई.

सीताबर्डीच्या दुकानातून आणलेली छोटी डबी ह्यांनी उघडली. आत कानामागं बसवायचं, ऐकू येण्याचं नवं यंत्र होतं, संत्र्याच्या लहान फोडीएवढं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते तळहातावर उलटंसुलटं करून पाहिलं, रिकाम्या डबीत बोट घालून चाचपलं आणि विचारलं, "याची तार कुठी आहे?"

"तार नाही बाबा. बिनतारी आहे. आपल्या रेडिओसारखं!" हे म्हणाले.

कुसुमताई म्हणाल्या, "घ्या! सुनेनं केलं बघा तुमच्यासाठी." कल्पना माझी, दुकान मी शोधलेलं, सगळं मीच जुळवून आणलेलं. आजही नातेवाइकांत मामंजींचा विषय निघाला की कोणीतरी ते यंत्र आठवतं आणि माझं कौतुक करतं. मी चहा टाकायला उठते.

तोवरचं मामंजींचं यंत्र म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी, तिच्यातून निघालेली पातळ तार आणि तारेच्या टोकाला कानात घालायचं बटण. आवाज पकडणारा भाग डबीत. त्यामुळं कोणाचं ऐकायचं असलं की मामंजी खिशातून डबी काढून त्याच्यापुढं धरत, पानाचा डबा पुढं करावा तशी. "बोल गा, यात बोल." भाजीवाली वाकून त्यात भाव सांगायची. ज्याचं ऐकायचं नसेल त्याच्यापुढं डबी यायचीच नाही. एका लग्नात मुलीचे काका भाषणाला उभे राहिले, तेव्हा मामंजींनी सगळ्यांदेखत डबीचं चाक फिरवून ती बंद केली. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून पुढचं सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "हा माणूस आता वरण थंडं करन."

कान कामठीच्या यंत्रमागांनी नेले होते. त्याआधी आमच्या घराच्या पुढच्या खोलीत हातमाग होता. मागाचा खड्डा फळ्यांनी झाकलेला अजून आहे. लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, दोन मुलांच्या शाळा होत्या, आणि आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, हट्ट धरला की बाकीचे जातात तसं कामठीला जा. मामंजी गेले. पहिल्या बसनं जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे, वर्षानुवर्षं. तिथल्या खडखडाटात सगळे खुणांनी बोलायचे. "तिथं बोलाले हात लागे," ते सांगत. "तोंड फक्त डब्बा खायले." रिटायर होऊन घरी बसले तोवर ताटलीवर चमचा आपटलेलासुद्धा त्यांना ऐकू येत नव्हता. तेव्हा ती डबी आली.

सेलच्या बाबतीत ते कंजूष होते. दुपारभर डबी बंद. ह्यांनी एकदा म्हटलं, "बाबा, संध्याकाळच्या बातम्या तरी ऐकत जा ना."

"बातम्या पेपरात भेटते मले," मामंजी म्हणाले. "तुह्या मायचं बोलणं कोणत्या पेपरात येते?"

हे हसले. मामंजी हसले नाहीत, कारण ते खरंच तसं होतं. डबीची मूळ तार हातभर. इतवारीतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून त्यांनी तिला लांबच लांब जोड लावून घेतला. रोज सकाळी ते पुढच्या खोलीत त्या फळ्यांवर सतरंजी टाकून बसत, बटण कानात. तार भिंतीवरच्या खिळ्यांवरून मधल्या खोलीत, तिथून उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात. डबी आत फळीवर, मिठाच्या आणि हळदीच्या बरणीमध्ये. आत्याबाई पोळ्या लाटायच्या आणि डबीशी बोलायच्या.

हे समजायला आत्याबाईंची रीत सांगायला हवी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सासू, सासरे, दोन दीर. नवऱ्याशी बोलायचं ते तिसऱ्या माणसाच्या मार्फत. "म्हणा त्याईले, पाणी काढलं." ती सवय जन्मभर गेली नाही. मामंजी समोर आले की पदर सारखा करून गप्प. पण डबी म्हणजे काही मामंजी नव्हते. डबीपुढं त्यांचं तोंड असं सुटायचं की मी थक्क व्हायचे. "ऐकता का जी? भेंडी जरड निघाली आज. त्या कोपऱ्यावरच्या मेल्यानं पुन्हा फसवलं."

पुढच्या खोलीतून आवाज यायचा, "त्याच्यापाशी जातच काहून?"

"सस्त देते म्हणून!"

"मंग खा जरड!"

आत्याबाई लाटणं थांबवून हसायच्या. भांडणही व्हायचं. फार राग आला की त्या डबी उचलून तांदळाच्या डब्यात घालायच्या आणि झाकण तारेवरच लावायच्या. थोड्या वेळानं मामंजी उठायचे. खिळ्यांवरून तार सोडवत, अंगठा आणि कोपर यांच्यात सुताची लड घेतात तशी गुंडाळत, एकेक खोली पार करत स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि हात पुढं करायचे. आत्याबाई मान वळवून झाकण काढायच्या.

मला त्या तारेचा त्रास होता. मी नोकरी करून घर चालवणारी बाई. दर रविवारी आठवड्याची कामं लिहून काढते आणि शनिवारपर्यंत उरकते. उंबऱ्यातल्या तारेत पाय अडकून एकदा वरणाचं पातेलं माझ्या हातून जाता जाता वाचलं. ह्यांच्यापुढं मांडलेलं पहिलं कारण ते. दुसरं, तार जागोजागी तुटते. तिसरं, पाहुण्यांपुढं कसंतरी दिसतं. चौथं मांडलं नाही. एकदा कुसुमताईंशी स्वयंपाकघरात बोलताना मी म्हणून गेले होते, "सकाळ झाली की दोघांचा रेडिओ सुरू. यात माझं डोकं कुठं ठेवू?" आणि पुढच्या खोलीतून मामंजी म्हणाले, "बरणीमांगं जागा आहे, सूनबाई."

कुसुमताई हसून लोळल्या. मामंजींनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, मनातही ठेवला नसेल. पण त्या दिवसापासून स्वतःच्या स्वयंपाकघरात मी हळू बोलायला लागले, आणि हळू बोलायची मला सवय नव्हती. त्यानंतर काही दिवसांतच मी सीताबर्डीला चौकशी केली.

नवं यंत्र चांगलं होतं. समोर बसून बोललेलं मामंजींना स्वच्छ ऐकू यायचं. अडगळ नको म्हणून जुनी डबी मी त्याच आठवड्यात ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना देऊन टाकली, तारेसकट. खिळे उपटले, भोकं चुन्यानं बुजवली. उंबरा मोकळा झाला.

यंत्र आलं त्या रविवारी आत्याबाईंनी ह्यांना विचारलं होतं, "मंग डबी कुठी ठेवू?"

"काही ठेवायचं नाही आई. आता सगळं त्यांच्या कानातच आहे."

आत्याबाईंनी मान हलवली. रेडिओ त्यांनी पाहिला होता. तो दिल्लीचं ऐकवायचा, दिल्लीपासून तार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोळीची कणीक पुढं ओढली आणि फळीकडं न बघता, नुसतंच समोर पाहून बोलायला सुरुवात केली. "ऐकता का जी? आता बरं झालं, तार नाही न् काही नाही."

मी ऑफिसच्या घाईत होते. परत आल्यावर समजावून सांगू, असं ठरवून निघाले. संध्याकाळी परत आले तर त्या म्हणाल्या, "लय छान मशीन आहे वं बाई. मी इथून बोलली, ते तिथून हो म्हणाले." तेव्हा मला वाटलं, असेल, जोरात बोलल्या असतील.

खरं काय ते एका सुटीच्या दिवशी कळलं. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मी एकटी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते, तोंड बंद. पुढच्या खोलीतून मामंजींचा आवाज आला, "हो!" थोड्या वेळानं पुन्हा, "हो हो!"

मी बाहेर जाऊन त्यांच्यासमोर बसले. "मामंजी, कोणाला हो म्हणताय? आत्याबाई देवळात गेल्यात."

ते ओशाळले. मग म्हणाले, "गेली का? मले वाटलं, बोलून राहिली असन."

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत नाही?"

"इथून कसं येईन वं? हे यंत्र कानापाशीचं ऐकते. पण तिले वाटते येते. आता इतक्या वर्षांनं बोलाले शिकली, तिले काहून गप करू? मधातमधात हो म्हणतो. अंदाज आहे मले, केव्हा म्हणाव तं."

मी म्हटलं, "मग तुम्हीच आत जाऊन बसा ना."

"मी समोर बसलो का ती तोंड उघडते का? तूच सांग."

मी म्हटलं, पुन्हा तसली डबी घेऊ. ते नको म्हणाले, मुलानं एवढ्या हौसेनं आणलंय, त्याला वाईट वाटेल. आणि उठताना म्हणाले, "तिले सांगू नको, सूनबाई." मी कबूल केलं. डबी मात्र आणायचीच, असं मनात ठरवलं. दर महिन्याला ठरवलं. एका महिन्यात घरपट्टी, एका महिन्यात भाचीचं लग्न, एका महिन्यात काहीच कारण नव्हतं. उंबऱ्यात तार नसण्याची मला सवय झाली होती.

दोन हिवाळे असे गेले. आत्याबाई बोलत, मामंजी अंदाजानं हो म्हणत. अंदाज त्यांचा खरंच चांगला होता. माणसाच्या बोलण्याची लय त्यांच्या हातात असावी, जसा पूर्वी मागावरचा धोटा असायचा. कधी प्रश्न संपता संपता 'हो' यायचा, आणि आत्याबाई माझ्याकडं बघायच्या, पाहिलंस का, अशा.

मग ती सकाळ. कुणाकडून तरी कळलं होतं की कामठीच्या जुन्या कामगारांपैकी एक गेला, तोही शेवटी ठार बहिरा होता. मी विळीवर भाजी चिरत होते. आत्याबाईंनी दोन पोळ्या भाजून काढल्या. मग लाटता लाटता, नेहमीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाल्या, "ऐकता का जी? मीच धाडलं तुम्हाले कामठीले. माह्याच हट्टापायी कान गेले तुमचे. कधी बोलली नाही, पण रोज येते मनात. राग आहे का जी अजून?"

माझा हात थांबला. बाहेरून मामंजींचा आवाज आला, मोकळा, चांगला खणखणीत.

"हो!"

आत्याबाईंनी लाटणं तसंच धरून ठेवलं. मग पोळी तव्यावर टाकली. ती करपली तरी उलटली नाही. मीच पुढं होऊन उलटली. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि कबूल केलेलं मोडावं लागलं असतं. संध्याकाळी मामंजींना विचारून मग बोलू, असं मी ठरवलं. संध्याकाळी त्यांना बारीक ताप होता.

त्या दिवसापासून आत्याबाई स्वयंपाकघरात बोलल्या नाहीत. कामापुरतं माझ्याशी, तेवढंच. ताप उतरल्यावर मामंजी पुन्हा सतरंजीवर बसू लागले, कानामागं यंत्र लावून. आणि गप्प झालेल्या स्वयंपाकघराला उद्देशून रोज सकाळी म्हणत राहिले, "हो. हो, हो." प्रत्येक 'हो'बरोबर आत्याबाईंची मान आणखी खाली जायची. आज विचारू, उद्या विचारू, असं माझं चाललं होतं. पंधरवड्यानं ताप उलटला आणि मामंजी दोन दिवसांत गेले.

भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, किती शांत मरण, किती गोड माणूस. आत्याबाई ऐकून घेत होत्या. सगळ्या गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "माह्यावर राग धरूनच गेले वं."

मी म्हटलं, "काहीतरीच काय, आत्याबाई."

"तू होती ना तिथं? तू ऐकलं ना?"

मी म्हटलं, "आता पडा जरा." एवढंच म्हटलं.

आता आत्याबाई थकल्या आहेत, पण डोकं शाबूत आहे. वर्षश्राद्धाला नैवेद्याचं ताट ठेवताना दर वेळी हात जोडून काहीतरी पुटपुटतात. काय, ते मला माहीत आहे. सांगायचं आहे ते दोन वाक्यांचं आहे. त्यांनी ऐकलंच नव्हतं. ते तुम्हाला सगळ्यालाच हो म्हणायचे. पण आत्याबाई हुशार आहेत, त्या लगेच विचारतील, "कधीपासून नव्हतं ऐकू येत?" आणि मग मला त्यांची ती दोन वर्षं त्यांच्या हातून काढून घ्यावी लागतील. नाही सांगितलं, तर तो एक 'हो' त्यांच्याबरोबर जाईल.

उद्या शनिवार. हे काटोलला जाणार आहेत, मुक्कामाला. घरात आम्ही दोघीच. सकाळी, पोळ्या करताना, सांगायचं आहे.

मागच्या शनिवारीही आम्ही दोघीच होतो.