केळ्यांच्या खोक्यांतला संसार

अल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधून आणलेले केळ्यांचे रिकामे खोके हॉलमध्ये दोन रांगांत मांडले होते. खिडकीकडची रांग मंजूषाची, दाराकडची आशुतोषची. या खोक्यांच्या तळाला चांगलं वीतभर भोक असतं. तरी घर बदलताना सगळं हॉलंड हेच खोके वापरतं आणि मंजूषाही आता इथलीच झाली होती. तळाला वर्तमानपत्राच्या घड्या घालून ती मुकाट भांडी भरत होती. दुपारी तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण मीनल भाड्याची व्हॅन घेऊन येणार होती.

लग्न झाल्यावर ती आशुतोषच्या नोकरीमागे पुण्याहून अ‍ॅमस्टेलव्हीनला आली. सुरुवातीची वर्षं भिशी आणि हळदीकुंकवात गेली, वनस्पतिशास्त्रातली एमएस्सी कपाटात पडून राहिली. मग बाई इरेला पेटली. धडपडत सायकल शिकली, डच शिकली आणि २००४ साली वाखनिंगनला बटाट्याच्या रोगांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. तिचा दिवस आगगाडीत आणि बसमध्ये संपे, आशुतोषचा ऑफिसच्या कॉल्समध्ये. भांडण म्हणावं असं दोघांत कधी झालंच नाही. झालं असतं तर फार बरं झालं असतं.

दोन वर्षांनी वेगळं होण्याची गोष्ट तिनंच काढली. खरं तर त्यानं दचकावं म्हणून काढली. तो म्हणाला, "तुला तसं वाटत असेल तर ठीक आहे." झालं! इतकी समंजस माणसं, संसार मोडतानाही कुणी आवाज चढवला नाही. तेव्हापासून ती एकाच गोष्टीची वाट पाहत होती. त्यानं एकदा 'जाऊ नकोस' म्हणावं. म्हणाला असता, तर तिनं हे सगळे खोके तिथल्या तिथे रिकामे केले असते.

"कुकर?" तिनं विचारलं.

"तू ने."

"ही कढई तुझ्या आईंनी दिलेली."

"असू दे तुलाच. मी काय तळणार आहे?"

दानशूरपणाचा नुसता कहर! एखाद्या झाऱ्यासाठी तरी माणसानं हटून बसावं की नाही? पण तो शांतपणे खोक्यांना टेप लावत होता, त्यातही तिच्या खोक्यांना जरा जास्तच. तिला राग यायला हवा होता. येत नव्हता. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल जसा बधिर होतो, तसं आतून सगळं बधिर झालं होतं.

शेवटी देव राहिले. आशुतोषच्या घराण्याचे चांदीचे टाक तिनं लाल फडक्यात बांधून त्याच्या रांगेत ठेवले. राहिली अन्नपूर्णा. लग्नात गौरीहरापाशी पूजलेली, आईनं बरोबर दिलेली, अंगठ्याएवढी पितळी मूर्ती. मुलीबरोबर ती सासरी येते आणि सासरच्या देवांत कायमची बसते. तिला उचलून परत निघायचं झालं तर काय करायचं, हे मंजूषाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

निदान इथे तरी तो बोलेल. ही या घरातली आहे, राहू दे, एवढं म्हणेल.

"आशुतोष, आणि ही?"

त्यानं टेप खाली ठेवली. वाटीतल्या तांदळात उभ्या मूर्तीकडे पाहत राहिला. आज पहिल्यांदाच त्याचं उत्तर लगेच आलं नाही.

"तुझ्या आईंनी दिलेली ना? तूच ने."

"एकदा तरी म्हणायचंस," ती म्हणाली.

"काय?"

"जाऊ नकोस म्हणून."

आशुतोष गोंधळला. "मला वाटलं, तुला जायचंय. उगाच अडवणं बरं दिसत नाही."

त्याला खरंच तसं वाटलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं आणि त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

"मग आता म्हण."

"आता?"

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. आशुतोषनं खिडकीतून वाकून पाहिलं. "अगं, मीनल आली. तिथे गाडी फार वेळ लावू देत नाहीत, बिचारीची पंचाईत होईल."

मंजूषानं वाटीतले तांदूळ डब्यात ओतले आणि अन्नपूर्णा रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात घातली. आशुतोषनं त्यातल्या त्यात जड खोका उचलला आणि तिला आधी जाता यावं म्हणून पाठीनं दार उघडं धरून उभा राहिला.