अक्कानं शिवलेला टप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. जळगावात माझं गॅरेज होतं. एका डाळमिलच्या मागच्या शेडमध्ये एक जुनी मोटार पडून होती, छताचा कापडी टप दुमडला की वरून सगळी उघडी होणारी. मालकानं ती मला नेऊ दिली. दोन वर्षं मी तिच्या मागे होतो. मूळ इंजिन संपलं होतं, तिथं जीपचं डिझेल इंजिन बसवलं. स्टिअरिंग बदललं, दारं ठोकून सरळ केली, पिवळा रंग मारला. टप मात्र जमेना. कापड ताणून बसवलं तर दुमडत नसे, सैल सोडलं तर गाडी पळताना फडफडे. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या गावातल्या दोघांनी हात टेकले.

मग तो अक्कानं शिवला.

अक्का माझी थोरली बहीण. धुळ्याकडच्या खेड्यात दिलेली. नवरा गेल्यावर माझ्याकडे आली. घरी शाळेची दप्तरं शिवायची. एके दिवशी गॅरेजमध्ये डबा घेऊन आली आणि गाडीत जाऊन बसली. मला म्हणाली, टपाचा सांगाडा उघड, आता मीट, पुन्हा उघड. कापड कुठं अडतं तिथं खडूनं खुणा करत गेली. घरच्या मशीनखाली ते जाड कापड जाईना, म्हणून कोपरे तिनं दाभणानं हातानं शिवले, दोऱ्याला मेण लावून. महिना गेला. बोटं सोलली होती — मी पाहिली होती ना ती? पाहिली होती.

टप असा बसला की एका हातानं मागे जायचा. तिनं वरून दोन बादल्या पाणी ओतलं आणि मला आत बसवलं. एक थेंब आला नाही. त्या दिवशी ती लहान मुलीसारखी हसली.

पुढच्या हिवाळ्यात धुळ्याला जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. मी अक्कालाही घेऊन गेलो. बाहेरगावचे एक मोठे शौकीन गृहस्थ गाड्या तपासत होते. माझ्या गाडीपाशी थांबले, टप दोनदा उघडून मिटला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे काम कुणाचं?

अक्का माझ्यापासून दोन पावलांवर उभी होती. धुऊन धुऊन विटलेलं लुगडं, पायात रबरी चप्पल.

मी म्हणालो, "मुंबईहून करून आणला."

ते म्हणाले, "वाटलंच. इकडे असं काम होत नाही."

एवढंच. मला कशाची लाज वाटली — तिच्या लुगड्याची? दप्तरांची? की माझ्या गाडीतली सगळ्यात अवघड गोष्ट मला जमली नव्हती, याची? मी तिच्याकडे वळून पाहिलंही नाही. परतीच्या वाटेवर पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, दुपारी काही खाल्लंस का.

मला वाटलं, तिनं ऐकलंच नसेल. असं वाटून घेणं किती सोपं असतं!

काही महिन्यांनी भुसावळहून एक जण गाडी बघायला आला. मी गाडीखाली पडून काम करत होतो, त्याला दिसलो नसेन. अक्का डबा ठेवून निघाली होती. त्यानं तिलाच विचारलं, टप कुणी शिवला म्हणून.

अक्का जराही न अडखळता तिच्या अहिराणीत म्हणाली, "हाऊ टप मुंबईना शे. तठला कारागीरनी शिवेल शे."

माझा शब्द खोटा पडू नये म्हणून.

मी गाडीखालीच राहिलो. तिची चप्पल दिसत होती, मग दिसेनाशी झाली. त्यानंतर अक्का अकरा वर्षं जगली. जो कुणी विचारी त्याला ती हेच सांगत राहिली, आणि मी एकदाही म्हणालो नाही की हा हिनं शिवलाय.